रिंगण सोडायचं न्हाई

घाबरू नका, मी अजून पडलेलो न्हाई. म्हणजे पुरता पडलेलो न्हाई. मी पहिलीच्या वर्गाचा स्लॅब. तुमी आजवर स्लॅबला बोलताना ऐकलं नसंल, कारण आमची बोली म्हणजे चार खडे नि मूठभर रेती. ती खाली पडली की माणसं झाडू घेऊन येतात, भरतात नि उकिरड्यावर टाकतात. म्हणून आज म्हणलं, एकदा तुमच्या भाषेत बोलून बघावं. वेळ थोडा आहे.

आमची शाळा सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. गावाचं नाव सांगत न्हाई, उगाच गावाची बदनामी काहून? एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तांडा नि मधे आमी.

माझा जन्म भर उन्हाळ्यातला. गुत्तेदाराला, म्हणजे ठेकेदाराला, पावसाळ्याच्या आत खोली उरकायची होती, म्हणून एका दिवसात मला ओतून मोकळा झाला. लेकराला जसं दूध लागतं तसं नव्या स्लॅबला पाणी लागतं. अंगावर मातीची आळी करायची नि त्यात पाणी भरून ठेवायचं. पण त्या साली गावालाच टँकर होता. माणसांना प्यायला न्हाई, तिथं मला कोण पाजणार? दोन-चार दिवस कुणीतरी बादल्या ओतल्या, मग आळी वाळून फाटली. खालच्या फळ्याही घाईनं काढल्या, दुसऱ्या गावात त्यांची वाट बघून राहिले होते. गुत्तेदार खालून माझ्याकडं बघून म्हणाला, "एक नंबर झाला!" नि फटफटीवर बसून गेला.

तरी मी बरीच वर्षं इमानानं तोलून धरलं. माझ्याखाली पोरं पाढे शिकली, भांडली, झोपली. त्यांची लग्नं झाली, आता त्यांची पोरं येऊन बसतात. मला लेकरांचा आवाज आवडतो, खोटं काहून बोलू? सुट्टीत शाळा बंद असली की मला करमत न्हाई.

मग जमीन बोलायला लागली. आमच्या भागात ही तकलीफ आहे. तिच्या पोटातून गुरगुर येते, कुणी रिकामा ड्रम दगडावरून लोटावा तशी. मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री उठून उभी राहतात नि पुन्हा सगळं गप. पहिल्या-पहिल्यांदा सारा गाव अंगणात झोपायचा. साहेब लोक गाड्या घेऊन आले, "घाबरू नका" म्हणून गेले. पुढं लोक खरंच घाबरायचे थांबले. आता पारावर एक जण विचारतो, "बोलली का रं?" दुसरा म्हणतो, "बोलली," नि बशीतला चहा संपवतो. जमीन बोलली की माझ्या पोटात एक चीर वाढते, ती कुणाला ऐकू जात न्हाई.

मी सांगायचा प्रयत्न केला. पावसाळ्यात गळलो, तर वरून डांबर फासलं. पोपडे टाकले, तर चुना मारला. खडे टाकले, तर खिचडी शिजवणारी भागूबाई रोज सकाळी ते झाडून काढू लागली नि वर मलाच म्हणायची, "आली बया परत रेती! पाखरं आणत्यात जणू." आता ह्या बाईला काय सांगावं!

यंदा दिवाळीनंतर शाळेत एक तरणी पोरगी आली. आकांक्षा. गोरेगावची, हिंगोलीला खोली करून डी.एड. शिकून राहिली होती. शिकवायच्या सरावासाठी कॉलेजनं तिला आमच्याकडं धाडलं. शेवटी कॉलेजच्या मॅडम येऊन तिचा एक पाठ बघणार नि त्यावर तिचं पास-नापास ठरणार. मुख्याध्यापक सोनाजी सर, म्हणजे आमचे हेडसर, यांनी तिच्या हातात खडू दिला. "पहिली सांभाळ. जिला पहिली सांभाळता आली तिला कलेक्टरची कचेरीबी सांभाळता येती," असं म्हणून ते मोबाईलवर कसलीतरी माहिती भरायला निघून गेले.

पहिल्या दिवशी त्या पोरीची जी दैना झाली, देवा! ती मोठ्या तयारीनं 'कमळ' शिकवायला उभी राहिली. एक म्हणतंय, "ताई, एकीला जाऊ?" त्याच्यामागं अर्धा वर्ग उठला. एकानं पेन्सिल नाकात घातली, एक दप्तरावर डोकं ठेवून घोरायला लागलं. कुलदीप नावाचं एक बोलकं पोरगं आहे, त्यानं विचारलं, "ताई, तुमचं लगीन झालं का?"

"नाही रे."

"काहून न्हाई झालं?"

दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. मधल्या सुट्टीत दाराआड जाऊन रडली. भागूबाईनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. "रडू नगं माय. समद्याच मास्तरणी त्याच कोपऱ्यात रडल्यात." तेव्हा कुठं ती हसली.

पुढच्या आठवड्यात तिनं युक्ती काढली. रंगीत खडूनं फरशीवर प्रत्येक लेकराचं एक रिंगण काढलं. त्यात ज्याचं त्याचं चित्र: कुणाला बोर, कुणाला कणीस, कुणाला मांजर. "हे तुझं घर. ताईनं सांगितल्याशिवाय रिंगण सोडायचं नाही." पोरांना घर भलतंच आवडलं. जी पोरं वर्गभर उधळायची ती आपापल्या चित्रावर मांडी घालून बसायला लागली.

मग तिनं एक खेळ शिकवला. "ताई म्हणते, हात वर!" असं म्हणलं की हात वर करायचे. पण नुसतंच "हात वर!" म्हणलं नि कुणी केले, तर तो फसला, तो बाद. "ताई म्हणते, उभे राहा. ताई म्हणते, बसा. उठा!" जो उठला तो गेला. पोरं ओठ दाबून, डोळे मोठे करून, हसू गिळत बसायची. महिन्याभरात अशी तरबेज झाली की ताई टेबल बडवून "उठा, उठा!" ओरडली तरी एक लेकरू हलंना. हेडसर दारातून बघून खूश. "आकांक्षा, दहा वर्षांत मला जे जमलं न्हाई ते तू केलंस बघ."

मला मात्र वरून भलतंच दिसून राहिलं होतं. आधी पोरं इकडं-तिकडं पळायची तेव्हा मला धीर असायचा, पळणाऱ्या लेकरावर पडणं अवघड. आता ती नेमकी माझ्या पोटाखाली, ओळीनं, न हलता बसायला लागली.

त्यात एक मिना. तांड्यावरची, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी, म्हणून वर्गात तोंड मिटून बसायची. तिच्या रिंगणात फुलपाखरू होतं नि ते रिंगण माझं पोट जिथं सगळ्यात जास्त फुगलंय त्याच्या बरोबर खाली. ही पोरगी फळ्याकडं बघत न्हाई, पुस्तकाकडं बघत न्हाई, वर माझ्याकडं बघते! इतक्या वर्षांत माझ्याकडं टक लावून बघणारं ते पहिलं लेकरू. मी खडा टाकला की ती हळूच सरकून रेघेच्या बाहेर जायची.

"मिना, घर सोडायचं नाही ना?" ताई तिला खांद्याला धरून पुन्हा फुलपाखरावर आणून बसवायची. रागानं न्हाई हो, मायेनं बसवायची, केसांवरून हात फिरवून. त्या केसांत माझी रेती असायची. ताईच्या बोटांना ती लागत असंल, पण तिच्या मनात काही आलं न्हाई.

एके दिवशी मिनाची आजी भिकाबाई तणतणत आली. "मास्तरीणबाई, लेकराची वेणी घालताना रोज रेती निघती. काहून लोळू देता मातीत? शिकाया धाडतो आमी का लोळाया?"

आकांक्षा ओशाळली. "चुकलं आजी, मी लक्ष ठेवते." नि तिनं लक्ष ठेवलं! मधल्या सुट्टीत मिनाला अंगणातल्या रेतीत जायची बंदी केली. बाकीची पोरं बाहेर खेळायची नि मिना एकटी आत, माझ्याखाली. तेव्हा मला वाटलं, आपल्याला तोंड असतं तर आपण गावाला ऐकू जाईल असा टाहो फोडला असता.

पाठाचा दिवस जवळ आला तशी आकांक्षा साहित्य बनवायला लागली. वजाबाकीचा पाठ: झाडावर चिमण्या बसल्या, काही भुर्र उडाल्या, किती उरल्या? तिनं रंगीत कागदाच्या चिमण्या कापल्या. लटकवायच्या कुठं? माझ्या पोटातून एक सळई वाकून बाहेर आली होती, तिच्यावर चुन्याचे हात मारून मारून ती पांढरी झाली होती. आकांक्षाला वाटलं, पंख्यासाठी ठेवलेला हुक. टेबलावर चढून, हेडसरांना टेबल धरायला लावून, तिनं सळईला दोरा बांधला. इतक्या जवळ आली होती! पण तिची नजर गाठीवर. खाली उतरून म्हणाली, "सर, किती छान दिसतंय ना वर?" त्या दिवसापासून जो तो वर बघून चिमण्यांचं कौतुक करायचा.

पाठाच्या दिवशी सकाळीच जमीन बोलली. भागूबाईच्या पातेल्यावरचं झाकण थरथर वाजलं. माझा भाकरीएवढा तुकडा फुलपाखरावर पडला. आकांक्षा नवी साडी नेसून, पिना लावून आली होती. तिनं तुकडा उचलला. "सर, हे वरून पडलं का?"

हेडसरांनी वर बघितलं. चिमण्या हलत होत्या. "जुनं हाय, पडतं कधी मधी. आजचा दिवस निघू दे, मॅडम औंढ्यापर्यंत आल्यात. उद्या सवडीनं बघू." नि तुकड्यानं पुसलं गेलेलं फुलपाखरू तिनं नव्यानं काढलं. मी हेडसरांना शिव्या देत न्हाई. भला माणूस आहे, रोज एकाच्या जागी चौघांचं काम करतो. पण 'उद्या' ह्या शब्दानं जेवढी घरं पाडलीत तेवढी कोणत्या भूकंपानं पाडली नसतील.

मॅडम आल्या, मागं दाराजवळ खुर्चीवर बसल्या. पोरं आपापल्या रिंगणात, हाताची घडी, तोंडावर बोट. फक्त फुलपाखरू रिकामं. मिना दाराची चौकट धरून उभी. मॅडमनी चष्म्यातून बघितलं.

आकांक्षा तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. "चल बाळा, आज ताईसाठी बस. बसतेस ना?"

मिनानं मान हलवली नि बोट वर केलं.

"ताई, ती येडी हाय," कुलदीप म्हणाला. पोरं हसली. मॅडमच्या कपाळाला आठी. आकांक्षाच्या गळ्याशी घाम आलेला मला दिसला. दोन वर्षांचं शिक्षण त्या एका रिकाम्या रिंगणात अडकलं होतं. ती म्हणाली, "हे बघ, काही होत नाही. ताई बसते तुझ्या घरात." नि नव्या साडीची पर्वा न करता ती फुलपाखरावर मांडी घालून बसली. पोरीनं बोट दाखवलं होतं, म्हणून मान मागं टाकून वर बघितलं.

आमची नजरानजर झाली. उभ्या माणसाला मी दिसत न्हाई, त्याला समोरचं दिसतं. पहिलीच्या लेकराएवढं खाली बसलं की मी दिसतो. तिला माझं फुगलेलं पोट दिसलं, त्याच्या भोवती गोल फिरलेली चीर दिसली, काळ्या सळया दिसल्या. हुक हा हुक न्हाई, हे दिसलं. तेवढ्यात जमीन पुन्हा बोलली, सकाळपेक्षा मोठ्यानं. चिमण्या गरगर फिरल्या नि माझी रेती तिच्या डोळ्यांत गेली.

"उठा!" ती किंचाळली. "बाहेर पळा! उठा!"

एकही लेकरू उठलं न्हाई.

सगळी ओठ दाबून, डोळे मोठे करून तिच्याकडं बघत होती. खडे पडत होते, एकाच्या मांडीवर पडला, त्यानं तोही अंग न हलवता सोसला. "अरे पळा ना रे!" ती रडकुंडीला आली, तर पोरांना जास्तच हसू फुटलं. हेडसर धावत आले, "उठा रे पोट्ट्यांनो!" म्हणून ओरडले. पोरं त्यांनाही फसली न्हाईत. मी धरून होतो. कशाच्या जिवावर, ते विचारू नका. गंजक्या सळया एकेक सुटत होत्या, नि खाली अख्खा वर्ग हाताची घडी घालून बसलेला. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो न्हाई.

मग कुलदीप छाती काढून बोलला, "आमी न्हाई फसणार, ताई! तुमी 'ताई म्हणते' म्हणलंच न्हाई!"

तेव्हा आकांक्षाच्या डोक्यात उजेड पडला. मग फाटक्या आवाजात ओरडली, "ताई म्हणते! ताई म्हणते, बाहेर पळा!"

नि पोरं उठली! अशी उठली, की दप्तरं, चपला, पाट्या सगळं तिथंच. मॅडमना ढकलून, हेडसरांच्या पायांतून, आरडत-ओरडत दारातून बाहेर. एक बारकी पोरगी बावरून उभी राहिली होती, तिला काखोटीला मारून आकांक्षा शेवटी निघाली. तिचा पदर दाराबाहेर गेला नि माझ्यानं मग धरवलं न्हाई.

फुलपाखरू, बोर, कणीस, मांजर, सगळ्यांवर मी पडलो. अर्धा न्हाई, पाव म्हणा. पाट्यांचा चुरा झाला. बाहेर धुळीतून पोरांचा आवाज आला, "ताई, कोण बाद झालं?" आकांक्षा भिंतीला टेकून खाली बसली नि हुंदके देऊन रडली.

पुढचं ऐका. मॅडमनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं, "पाठ अर्धवट राहिला. दुसऱ्या शाळेत परत घ्यावा लागेल." म्हणजे आकांक्षाचं इथलं शिकवणं संपलं. जायच्या दिवशी ती हेडसरांपुढं हात जोडून उभी राहिली. "सर, पोरांना पुन्हा आत बसवू नका."

"कुठं बसवू, तूच सांग," हेडसर थकून म्हणाले. "पल्याडची खोलीबी गळती. लिंबाखाली बसवलं तर वर आग्या मोहळ. पाडायच्या परवानगीचा कागद तालुक्याला कधीचा गेलाय. तो आला की बघू."

तिनं अंगणात पोरांना गोळा केलं. "आता नवा खेळ. जमीन बोलली की कुणी काही म्हणायची वाट बघायची नाही. ताईचीसुद्धा नाही. पळायचं." पोरं दोन-तीन वेळा पळाली, हसली. मग जीप आली नि ती गेली. पुढच्या आठवड्यात पोरांच्या लक्षात तो खेळ राहिला न्हाई. सहा वर्षांचं लेकरू ते, किती दिवस ध्यानात ठेवणार?

कागद काही आला न्हाई. एक गवंडी आला, माझं भोक लिंपून, वरून पांढरा रंग मारून गेला. पावडर थापलेल्या म्हाताऱ्यागत दिसतो मी आता. वर्ग पुन्हा आत भरला. मधे एक साहेब आले, त्यांना फरशीवरची रिंगणं फार आवडली. "खडूची काहून? ऑइल पेंटनं काढा, कायमची राहतील." तशी काढली. आता ती पुसत न्हाईत. जो रिंगणात न हलता बसंल त्याला हेडसर रोज लिमलेटची गोळी देतात.

भिकाबाईनं मिनाला शाळेतून काढलं होतं. मी म्हणलं, चला, एक तरी वाचली. पण हळदीची काढणी लागली, घरातली सगळी माणसं रानात, लेकराला कोण बघणार? पोरगी परत आली. पहिल्याच दिवशी मी ओळखीचा खडा टाकला. तिच्या पाटीवर टक्कन वाजला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला, हाताची घडी घातली नि फळ्याकडं बघत राहिली. तिला गोळी मिळाली. हेडसरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा, मिना किती शहाणी झाली!"

बाकीच्या जुन्या वस्तू तुमच्याकडं मागतात, आमाला जपा, डागडुजी करा. माझं मागणं उलटं आहे. मला पाडा. सुट्टीत पाडा, रविवारी पाडा, घणानं पाडा, मशीन लावून पाडा, मला जराही वाईट वाटणार न्हाई. एवढं जमत नसंल तर निदान शाळेत येऊन त्या फुलपाखरावर एकदा मांडी घालून बसा नि मान वर करा. मग तुमच्या मनाला येईल ते ठरवा.

गवंड्यानं लिंपलेल्या जागेच्या शेजारी सकाळपासून एक सळई सुटत चालली आहे. हा तुकडा मागच्यापेक्षा मोठा आहे. आज रविवार, वर्ग रिकामा आहे. उद्या शाळा उघडंल, नि हल्ली मिना गोळीसाठी सगळ्यांच्या आधी येऊन बसते.